ग्लासात चालतं, पिंपात चालत नाही

जर्मनीत एका काळ्या बिअरवरून सरकार आणि एका छोट्या ब्रुअरीचं कित्येक वर्षं भांडण चाललं होतं. १९९० च्या दशकात सुरू झालेला वाद २००५ साली देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात जाऊन मिटला. भांडण कशावरून? साखरेच्या पाकावरून.

आपल्याला हसू येईल. पण गोष्ट नीट बघितली तर त्यात कर आहे, नाव कुणाच्या मालकीचं हा प्रश्न आहे आणि "शुद्ध" या शब्दाचं राजकारण आहे. हे तिन्ही विषय आपल्याला नवीन नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

(आधीच सांगतो, ही दारूची जाहिरात नाही. न पिणाऱ्यांनीही वाचावी अशी गोष्ट आहे.)

काळा मठाधिपती

ब्रांडेनबुर्ग राज्यात, पोलंडच्या सीमेला लागून नॉयत्सेल्ले नावाचं छोटं गाव आहे. तिथला ख्रिस्ती मठ १२६८ सालचा आणि मठाची ब्रुअरी १५८९ पासूनची. हा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत गेला. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर ही ब्रुअरी खाजगी मालकाकडे आली. तिच्या एका काळ्या बिअरचं नाव "श्वार्त्सर आप्ट", म्हणजे काळा मठाधिपती.

या बिअरमध्ये शेवटी थोडा साखरेचा पाक घालतात. आंबवणं झालं, गाळणं झालं, मग चवीपुरता गोडवा. बस्स, एवढंच. त्यावर राज्य सरकार म्हणालं, पाक घातलात ना, मग याला "बिअर" म्हणायचं नाही. विकायला हरकत नाही, पण बाटलीवर बिअर हा शब्द नको. का? तर जर्मनीत बिअरच्या शुद्धतेचा कायदा आहे आणि त्यात हे बसत नाही.

आता गंमत बघा. त्याच ब्रांडेनबुर्गच्या बरोबर मधोमध बर्लिन शहर आहे. आणि त्या बर्लिनचं सगळ्यात प्रसिद्ध पेय म्हणजे बिअरमध्ये सिरप ओतून प्यायचं पेय!

लाल की हिरवी?

"बर्लिनर वाइसं" ही गव्हाची आंबट बिअर. साधारण तीन टक्के अल्कोहोल, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षा बरीच सौम्य. आंबटपणा येतो तो लॅक्टिक आम्लाचा. आपण दही लावतो ना, त्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद इथं काम करतात. नेपोलियनच्या सैनिकांनी १८०९ साली बर्लिनमध्ये ही बिअर पिऊन तिला "उत्तरेची शॅम्पेन" म्हटलं, अशी आख्यायिका तिकडे आवडीनं सांगतात. खरी असो नसो, एकोणिसाव्या शतकात हे बर्लिनच्या सामान्य माणसाचं पेय होतं हे नक्की.

पण आंबट ते आंबट. सगळ्यांनाच झेपत नाही. म्हणून लोक त्यात काहीतरी घालायचे. आधी पद्धत होती सोबत कॅरावेच्या, म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या जातीतल्या बियांच्या दारूचा एक छोटा पेला घ्यायची. मग फळांचं सिरप आलं. आज बर्लिनमध्ये ही बिअर मागवली की वेटर एकच प्रश्न विचारतो: लाल की हिरवी? लाल म्हणजे रास्पबेरीचं सिरप. हिरवी म्हणजे वुडरफ या जंगली सुवासिक वनस्पतीचं. पसरट, वाडग्यासारख्या ग्लासात हे मिश्रण येतं आणि बरेच जण स्ट्रॉ घालून पितात. लायपझिगची "गोझं" नावाची बिअर तर मीठ आणि धणे घालूनच बनवतात, आणि तीसुद्धा सिरप घालून पिणारे आहेत.

मग कायद्याचं काय? कायदा बघतो तो ब्रुअरीतल्या पिंपाकडे. गिऱ्हाइकानं किंवा वेटरनं ग्लासात काय ओतलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे तोच गोडवा ग्लासात पडला तर शहराची परंपरा आणि पिंपात पडला तर बिअर हे नावच गेलं!

१५१६ साली नेमकं काय ठरलं होतं?

जर्मन बिअरच्या बाटल्यांवर अनेकदा "१५१६" हा आकडा छापलेला असतो. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट इथं बव्हेरियाचे दोन सरदार भाऊ, विल्हेल्म चौथा आणि लुडविग दहावा, यांनी हुकूम काढला की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काहीही घालायचं नाही. जगातला सगळ्यात जुना अन्नशुद्धतेचा कायदा म्हणून याची जाहिरात होते.

पण मूळ हुकूम वाचला तर त्यातला बराचसा मजकूर दरांबद्दल आहे. हिवाळ्यात एका मापाला एक फेनिंग, उन्हाळ्यात दोन फेनिंग, त्याहून जास्त घ्यायचे नाहीत. थोडक्यात, हे भावनियंत्रण होतं. आणि फक्त बार्ली का? एक मोठं कारण असं की गहू आणि राय पावासाठी राहावेत. ब्रुअरीवाले गहू उचलायला लागले की पाव महागतो, पाव महागला की लोक खवळतात. राज्यकर्त्याला हे कळत होतं. (इथेनॉलला मका गेला की कोंबडीखाद्य महागलं म्हणून आपल्याकडे ओरड होते, त्याच जातीचा प्रश्न.)

भेसळीची भीतीही खरीच होती. त्या काळात बिअरला चढ यावी म्हणून विषारी वनस्पतीसुद्धा घालत असत. तेव्हा हुकूम अगदीच निरर्थक होता असं कुणी म्हणू नये.

पण पुढं काय झालं बघा. १५५१ मध्ये खुद्द बव्हेरियातच धणे आणि तमालपत्राच्या जातीचं लॉरेल घालायला परवानगी मिळाली. १६१६ मध्ये मीठ, जुनिपर आणि कॅरावेला. आणि गहू? गव्हाची बिअर बनवायचा खास हक्क डेगेनबर्ग नावाच्या एका सरदार घराण्याला दिलेला होता. १६०२ मध्ये त्या घराण्याचा वंश खुंटला. मग ड्यूक माक्सिमिलियन पहिला यानं तो हक्क बंद केला का? नाही. स्वतःकडे घेतला! गव्हाच्या बिअरची मक्तेदारी थेट राजघराण्याची झाली आणि पुढची जवळपास दोनशे वर्षं त्यातून खजिन्यात भरपूर पैसा येत राहिला. १७९८ साली ती मक्तेदारी सुटली.

म्हणजे प्रजेनं गहू घातला तर नियमभंग आणि ड्यूकनं घातला तर महसूल.

आणखी एक गोष्ट. "राइनहाइट्सगेबोट", म्हणजे शुद्धतेचा आदेश, हा आज जगभर गाजणारा शब्द १५१६ च्या हुकमात नाहीच. तो पहिल्यांदा सापडतो १९१८ साली, बव्हेरियाच्या विधिमंडळातल्या चर्चेत. हुकूम चारशे वर्षं जुना, पण त्याला शुद्धतेचं हे सोवळं नेसवलं विसाव्या शतकात.

साखरेवरून उत्तर विरुद्ध दक्षिण

जर्मनी १८७१ मध्ये एक झाला, पण बिअरच्या बाबतीत बव्हेरियानं आपली वेगळी चूल ठेवली. उत्तरेकडे नियम सैल होते. १९०६ साली बिअरवरच्या कराच्या कायद्यात (लक्षात घ्या, कराच्या!) तिथंही बार्लीचा नियम आला, पण फट ठेवून. लागर प्रकारच्या बिअरला, म्हणजे जिचं यीस्ट तळाला बसतं तिला, फक्त बार्लीचा माल्ट. पण जिचं यीस्ट वर तरंगतं त्या जुन्या पद्धतीच्या बिअरला गव्हाचा माल्टही चालेल आणि शुद्ध साखरही. बव्हेरियात मात्र साखरेला बंदी कायम.

त्यामुळे एकाच देशात दोन प्रकारची शुद्धता नांदत होती. पश्चिम जर्मनीत १९५० आणि ६० च्या दशकांत यावरून चांगलीच जुंपली. उत्तरेकडची साखर घातलेली गोड माल्ट-बिअर बव्हेरियात विकायला आली, तर बव्हेरिया म्हणालं, ही बिअरच नाही. वर्तमानपत्रांनी त्याला "गोड बिअरचं युद्ध" म्हटलं. शेवटी मार्ग निघाला तो नावावर: दक्षिणेत तिला बिअर म्हणायचं नाही, "माल्टचं पेय" म्हणायचं. बाटलीतला माल तोच, लेबल वेगळं. आणि ज्यांनी अडवलं त्यांच्या घरच्या ब्रुअरींना बाहेरची स्पर्धा थोडी कमी झाली, हेही विसरू नका.

तिकडे कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत तर शुद्धतेचा हा नियम पाळलाच जात नव्हता. जे मिळेल त्यात भागवायचं असा तो कारभार. साखर सर्रास चालत होती. १९९० मध्ये देश एक झाला तेव्हा पश्चिमेचा कायदा पूर्वेला लागू झाला. नॉयत्सेल्लेच्या ब्रुअरीला एका सकाळी कळलं की आपण जे बनवतोय ते आता बिअर नाही!

एकीकरण म्हटलं की झेंडे आणि भिंत पाडणारे हातोडे आठवतात. पण खरं एकीकरण अशा ठिकाणी जाणवतं. कुणाचा नियम कुणाला लागू झाला, यावरून कळतं कोण मोठा भाऊ आणि कोण धाकटा.

सायकलवाल्यांची गोष्ट

मग बव्हेरियातले लोक तरी सोवळ्यात बिअर पीत होते का? मुळीच नाही. निम्मी बिअर आणि निम्मं लिंबाचं गोड लेमोनेड म्हणजे "राडलर". राडलर म्हणजे सायकलस्वार. याची प्रसिद्ध कथा अशी: म्युनिकजवळच्या डाइझेनहोफेनमध्ये फ्रान्त्स क्साव्हर कुगलर नावाच्या खानावळवाल्याकडे १९२२ च्या जूनमध्ये एका शनिवारी तेरा हजार सायकलस्वार आले. बिअर संपत आली, तळघरात लेमोनेड पडून होतं, कुगलरनं दोन्ही मिसळलं आणि सांगितलं, "हे खास सायकलस्वारांसाठी, म्हणजे घरी जाताना धडपडणार नाहीत."

कथा झकास आहे. फक्त एक अडचण. लेना क्रिस्ट या बव्हेरियन लेखिकेच्या १९१२ मध्ये छापलेल्या आत्मकथनात या पेयाचा उल्लेख आहे. म्हणजे कुगलरच्या आधीच लोक हे पीत होते. कुगलरनं शोध लावला नाही, लोकांची सवय चांगल्या गोष्टीसकट विकली. आपल्याकडच्या "अमुक पदार्थ अमुक राजाच्या मुदपाकखान्यात चुकून झाला" या फॉरवर्डांसारखंच.

आणि कायदा? राडलर ग्लासात मिसळायला कधीच बंदी नव्हती. पण कारखान्यातून मिसळून बाटलीत भरून विकायची मोकळीक मिळाली ती १९९३ मध्ये, बिअर कराचा कायदा बदलल्यावर. आज जर्मनीतल्या कुठल्याही दुकानात राडलरच्या बाटल्यांच्या रांगा दिसतात, बर्लिनची लाल-हिरवीसुद्धा तयार बाटलीत मिळते. जे ग्लासात रुळलं ते उशिरा का होईना बाटलीत आलं. शुद्धतेचं आभाळ काही कोसळलं नाही.

कोर्टात काय झालं?

पहिला मोठा धक्का बाहेरून बसला. इतर देशांची बिअर "बिअर" नावानं विकू न देणं हा व्यापारातला अडथळा आहे म्हणून जर्मनीला युरोपीय न्यायालयात खेचलं गेलं. जर्मनीचा बचाव आरोग्याचा होता: आमचे लोक बिअर फार पितात, तेव्हा त्यात रसायनं नकोत. १२ मार्च १९८७ रोजी न्यायालयानं तो फेटाळला. जे घटक जर्मनी स्वतःच इतर पेयांत चालवून घेतो, ते बिअरमध्येच एकदम धोक्याचे कसे? गिऱ्हाइकाला माहिती द्यायची तर लेबलवर लिहा, विक्री का अडवता?

त्यामुळे परदेशी बिअरला दार उघडलं. पण जर्मन ब्रुअरींना मात्र जुनाच नियम राहिला. बेल्जियममधून चेरी घातलेली "क्रीक" आली तर ती बिअर. आणि नॉयत्सेल्लेनं त्याच देशात राहून पाक घातला तर बिअर नाही!

शेवटी २४ फेब्रुवारी २००५ रोजी लायपझिगच्या न्यायालयानं छोट्या ब्रुअरीच्या बाजूनं निकाल दिला. कायद्यातच "विशेष बिअर" साठी अपवादाची तरतूद होती. तिचा अर्थ लावताना घटनेनं दिलेलं व्यवसायाचं स्वातंत्र्य लक्षात घ्यावं लागेल, असं ठरलं. काळ्या मठाधिपतीला त्याचं नाव परत मिळालं.

दुसरी बाजूही आहे

इथं थांबलो तर "नियम वाईट, मोकळीक चांगली" असा अर्थ निघेल. तेवढं सोपं नाहीये.

हिरव्या सिरपचंच बघा. खऱ्या वुडरफमध्ये कुमारिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा तो गोड वास. पण ते जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. म्हणून १९७० च्या दशकात जर्मनीनं मुलांच्या गोळ्या-सरबतांत खऱ्या वुडरफला बंदी घातली. आज बाजारातल्या हिरव्या सिरपचा वास बहुतेक कृत्रिमच असतो. ही बंदी योग्यच होती. तिच्यामागे तपासता येईल असं कारण होतं.

दुसरं, गोडवा अल्कोहोल लपवतो. २००० च्या सुमाराला स्पिरिट घातलेली गोड रंगीत पेयं, ज्यांना अल्कोपॉप म्हणतात, जर्मन पोरांमध्ये फार चालायला लागली. २००४ मध्ये सरकारनं त्यांच्यावर खास कर लावला, छोट्या बाटलीमागे साधारण ८० सेंट. स्पिरिटवाली पेयं महागली. पण तो कर बिअर मिसळलेल्या गोड पेयांना लागू नव्हता. आणि जर्मनीत स्पिरिटला वयाची अट १८, बिअरला १६. म्हणजे गोडव्याचा खरा धोका जिथं होता, त्या फटीतून माल निसटायला वाव राहिलाच. आणि शुद्धतेवर एवढा कीस पाडणाऱ्या व्यवस्थेला सोळा वर्षांच्या पोराच्या हातातली गोड बाटली मात्र चालून गेली.

आपल्याकडे

सिरप, सरबत आणि शराब हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेत, ज्याचा अर्थ "पिणे". भाषेनं यांना कधीच वेगळं केलं नव्हतं. वेगळं केलं ते कायद्यानं आणि करानं.

गोव्यात काजूच्या हंगामात उर्राक येते. बोंडांच्या आंबलेल्या रसाची ती पहिल्या धारेची. ती लोक लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. त्याच रसाच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण कागदोपत्री ती वर्षानुवर्षं "देशी दारू" या वर्गात अडकली होती. त्या एका शिक्क्यामुळे गोव्याबाहेर विकायची मारामार. २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारशाचा दर्जा दिला. माल तोच, भट्टी तीच, फक्त रकाना बदलायचा होता. त्याला किती वर्षं लागली बघा.

उलट उदाहरणही आपलंच. आपल्या उसाच्या मळीपासूनच्या स्पिरिटची "व्हिस्की" देशभर दिमाखात विकली जाते. तीच युरोपात व्हिस्की या नावानं विकता येत नाही, कारण तिथं व्हिस्की धान्याचीच हवी. इथं चलती का नाम व्हिस्की!

पुण्यातल्या मायक्रोब्रुअरींत आंब्याच्या दिवसांत आंब्याची बिअर मिळते. महाराष्ट्रात सौम्य बिअरला वयाची अट २१, कडक दारूला २५, आणि सीमा ओलांडून गोव्यात गेलं की १८. हे आकडे आरोग्याच्या हिशेबानं ठरले असते तर सावंतवाडी आणि पेडण्याच्या पोरांची यकृतं वेगवेगळी असायला हवीत.

तर मुद्दा काय?

काळ्या मठाधिपतीच्या गोष्टीत तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, यात काय आहे आणि त्यानं अपाय होतो का? दोन, याला काय नाव द्यायचं आणि ते कोण ठरवणार? तीन, यातला पैसा कुणाकडे जाणार? पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. दुसऱ्याचं प्रामाणिक लेबलनं मिळतं. तिसऱ्याचं उत्तर खजिन्यात आणि बड्या कारखानदारांच्या वह्यांत असतं.

"शुद्ध" हा शब्द आला की हे तिन्ही प्रश्न एकाच पोत्यात भरले जातात आणि पोत्यावर "आरोग्य" किंवा "परंपरा" असा शिक्का बसतो. १५१६ मध्ये तसंच झालं, बव्हेरियाच्या गोड बिअरच्या युद्धात तसंच झालं. आपल्याकडे दूध, तूप, मध, गूळ, हापूस, पैठणी, सगळीकडे हे होतं. कधी शुद्धतेचा आग्रह गिऱ्हाइकाला वाचवतो. कधी तो फक्त छोट्या उत्पादकाला बाजारातून बाहेर ठेवतो. दोन्हीत फरक करायचा तर पोतं उघडून बघावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी मंत्री, कारखानदार किंवा कंपनी "शुद्धतेसाठी नवा नियम" म्हणाली की एवढंच विचारा: अपाय कुणाला होत होता? आणि नियमानंतर धंदा कुणाचा वाढला?

आपल्या भागात असं नावावरून किंवा वर्गावरून अडकलेलं एखादं उत्पादन तुम्हाला माहीत असेल, खाण्याचं असो वा पिण्याचं, तर जरूर लिहा. यादी मोठी होईल असं मला वाटतंय.